वाटलं, चाललाय

नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या गल्लीत
माझं दुकान, रुंदीला साडेपाच फूट.
हॉर्न, इंडिकेटर, वायरिंग.
बत्तीस वर्षं मी या शहराचं लुकलुकणं
दुरुस्त करत बसलोय.

चार दिवे एकदम लागतात, त्याला
इथं सगळे पार्किंग लाईट म्हणतात.
नावापासूनच घोटाळा.
लक्ष्मी रोडला दुसऱ्या रांगेत गाडी सोडून
साडी फॉल-बिडिंगला टाकायला गेलेल्या बाई,
पार्किंग लाईट.
चौकात सरळ जायचंय, पार्किंग लाईट.
नवरदेवाची गाडी, झेंडूसकट.
बोगदा आला, लावा. बोगदा संपला, राहू द्या.
चार थेंब भुरभुरले की अख्खा बायपास
एकमेकांना डोळे मारत सुटलेला.

बटणावर लाल त्रिकोण असतो.
माझ्या लहानपणी तो दवाखान्याच्या भिंतीवर होता,
दोन किंवा तीन पुरेत म्हणून.
त्याच्याकडंही फारसं कुणी बघितलं नाही.
आम्ही सहा भावंडं.

वसंता चोरघेच्या टेम्पोचं वायरिंग माझं.
साताऱ्याकडून काचेची तावदानं घेऊन येत होता.
बोगदा ओलांडला आणि उतारावर एक्सल गेला,
पहाटे पावणेपाच.
त्यानं सगळं रीतसर केलं.
चाकाला दगड,
मागं वीस पावलांवर सुबाभळीची फांदी,
आणि माझे चारी दिवे चालू.
चालू होते का, एवढंच मी नंतर विचारलं.
चालू होते.

मागच्या ट्रकवाल्याचा जबाब
चौकीतल्या बाकावर बसून ऐकला.
पोरगंच होतं, नुकतं मिसरूड फुटलेलं,
पाण्याचा ग्लास त्याच्या हातात ठरेना.
म्हणाला, दिवा दिसत होता साहेब,
लांबून दिसत होता.
वाटलं, चाललाय.

त्या रात्री मला त्याचा राग आणता येईना.

कुल्फीवाल्याची घंटी वेगळी,
बंबाची वेगळी,
कचऱ्याची गाडी आली तर झोपेतही कळतं.
आणि चालणारा न् थांबलेला
एकच शब्द, एकाच लयीत बोलत असतील
तर अंधारात मागून येणाऱ्यानं
कशावरून ओळखायचं?

मग रिले उघडून बसलो.
सहा महिने. बायको म्हणाली, गिऱ्हाईकं जातायत.
चाकापाशी एक सेन्सर, दीडशे रुपयांचा.
गाडी धावत असेल तर बटण दाबा नाहीतर ठोका,
दिवे लागायचेच नाहीत.
करकचून ब्रेक मारला तर झरझर झरझर.
आणि गाडी मेली असेल तर
टक टक, थांब.
टक टक, थांब.
अवेळी कुणी दाराची कडी वाजवावी तसं.

आरटीओत नेऊन दाखवलं.
साहेब भले होते, चहा मागवला.
म्हणाले, मिनिटाला साठ ते एकशेवीस,
तेही एकसारखं. तुमचं हे अडखळतंय.
म्हटलं, अडखळतंयच.
गाडी अडखळलीय ना साहेब.
हसले. अर्ज ठेवून घेतला.
दिवाळीच्या आधीची गोष्ट. दिवाळी दोनदा झाली.

काल रात्री शटर ओढल्यावर
दारातल्या जुन्या मॅटाडोरला ते जोडलं
आणि परवेजला पाठवलं गल्लीच्या तोंडाशी.
पोरगं नवीन आहे, आठवड्याचं,
त्याला वसंताचं काही ठाऊक नाही.
काय दिसतंय रे?
थोडा वेळ काही बोलला नाही.
मग तिकडनं ओरडला,
चाचा, बंद पडलेली दिसतेय!

तेवढ्यात कुठल्याशा लग्नावरून परतणारा
केटररचा तीनचाकी टेम्पो वळला,
पातेली खणखणवत, भरधाव, नेहमीसारखा.
आणि लांबूनच मंदावला.
दहा हातांवर उभा राहिला.
ड्रायव्हरनं मान बाहेर काढली,
काय झालं?

काही नाही, म्हटलं.
काही नाही झालं.